मागचं मी बघतो

रिव्हर्स हॉर्नचा आवाज आला की आमच्या शेजारचे नाना असतील तिथून धावत सुटतात. जेवत असले तर उष्ट्या हाताने, दाढी करत असले तर अर्ध्या गालाला फेस तसाच. गाडी कोणाची, कशाला आली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. गाडी मागे येतेय ना, मग तिच्यामागे नाना उभे पाहिजेत. दोन्ही हात वर, आणि अख्ख्या सावेडीला ऐकू जाईल असा आवाज. "येऊ द्या, येऊ द्या... कट मारा... उलटा, उलटा... लई न्हाई... बाऽऽस!"

पाण्याचा टँकर, भाजीचा टेम्पो, गॅसची गाडी, कोणी सुटलेलं नाही. माझ्या भाचीच्या पाठवणीला आम्ही सगळ्या बायका गळ्यात गळे घालून रडतोय आणि नवऱ्याच्या गाडीमागून आवाज, "येऊ द्या नवरदेव, बिनधास्त येऊ द्या!" भाची रडता रडता फिस्सकन हसली. व्हिडिओत आहे ते. पलीकडच्या जोशीबाई एकदा स्कूटर मागे ओढत होत्या, तर तिथेही हे हजर. "अहो नाना, स्कूटर आहे," जोशीबाई म्हणाल्या. "आसू द्या," नाना म्हणाले, "मागं डोळं न्हाईत ना तुमाला?"

मी शाळेत शिकवते. गाडी चालवायला लागून मला बरीच वर्षं झाली, पण रोज सकाळी ऐकायचं तेच. "मॅडम, तुमी फुडं बघा. मागचं मी बघतो." मागचं बघतो म्हणे! मग कंपनीने आरसे काय मला भांग पाडायला दिलेत?

बरं, नानांना स्वतःला गाडी येते म्हणावं, तर तेही नाही. मूळचे मिरजगावचे, जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली. एकदा हौसेने शिकायला बसले आणि केडगावात कोणाच्या तरी कुंपणात घुसले. तिथेच ते शिक्षण आटोपलं. गाडी चालवायच्या त्या कुसुमकाकू, नानांची बायको. माहेरी ट्रॅक्टर चालवलेली बाई. इथे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायच्या. काय धाक होता! घरी आईबापाला न जुमानणारी कार्टी काकूंच्या व्हॅनमध्ये चिडीचूप बसायची.

मागच्या वर्षी पुण्याहून मुलगा आला, म्हणाला, "आई, वय झालं आता, बास कर," आणि व्हॅन विकून टाकली. काकू म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची." आम्हीही म्हटलं, बरं झालं. नानांचं खूळ मात्र तेव्हापासून फारच वाढलं. रिकामा माणूस, करणार काय, असं मी आपलं धरून चालले होते.

घरात या दोघांचं कशावर म्हणून एकमत नाही. भिंत पातळ आहे, मला सगळं ऐकू येतं. पंखा जोरात ठेवायचा की हळू इथपासून सुरुवात. "तुम्हाला काय कळतंय?" "तुला लई कळतंय!" आमटीत मीठ जास्त झालं की नाही, यावर यांनी अख्खी दुपार काढलेली आहे. माझे वडील, अण्णा, माझ्याकडेच राहतात. ते म्हणतात, "रेडिओ विकत घ्यायची गरज नाही आपल्याला."

तर त्या दिवशी दुपारी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घाम असा की सदरा भिजला. नवरा कामासाठी नाशिकला. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती लांब कुठेतरी होती, यायला वेळ लागेल म्हणाले. माझी गाडी दारात होती, पण आमची गल्ली पुढे बंद आहे. एरवी मी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी वळवते. त्या दिवशी प्लॉटवर कोणाच्या साखरपुड्याचा मांडव, त्याच्या दोऱ्या आणि खुंट्या रस्त्यावर आलेल्या. दुसऱ्या बाजूला सकाळीच ड्रेनेजसाठी हातभर रुंद चर खणलेला. अख्खी गल्ली रिव्हर्समध्येच पार करायची होती.

मांडववाल्यांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून आणलं, मागच्या सीटवर निजवलं. मी चावी फिरवली, रिव्हर्स टाकला आणि जराशी मागे आले तर चाकाखालची माती चरात ढासळली. मागे अण्णा कण्हत होते आणि मला क्लच कुठला तेही सुचेना. देवा, माझ्या हातून आता काहीतरी होणार, एवढंच डोक्यात.

दार उघडलं. कुसुमकाकू उभ्या होत्या, कोपरापर्यंत पीठ. "सरक," एवढंच म्हणाल्या. मी पलीकडे सरकले, त्या बसल्या. मी मागे पाहिलं, तर नाना चरात उतरले होते. म्हणजे खरोखर चरात, गुडघ्यापर्यंत. एक तळहात त्यांनी गाडीच्या अंगावर टेकवला होता.

आणि नाना गप्प होते! "येऊ द्या" नाही, "कट मारा" नाही, काही म्हणजे काही नाही. काकू काचेतून त्यांच्याकडे धड बघतही नव्हत्या. नाना खुंटीकडे वळायच्या आत गाडी थांबायची. मध्येच वर चढून ते पलीकडची दोरी उचलून धरायचे, गाडी खालून सरकायची, की नाना पुन्हा चरात. त्यांनी आरसा दुमडला, काकूंनी त्याच क्षणी स्टीअरिंग फिरवलं. एके ठिकाणी चाक अगदी कडेला आलं. नानांनी गाडीवरचा हात काढला. बस, तेवढंच. काकूंचा पाय ब्रेकवर. गाडी घसरली असती तर सगळ्यात आधी नाना चिरडले असते. ते दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांच्याही तोंडावर भीती नव्हती.

मोठा रस्ता आला. काकूंनी गाडी पुरती थांबवलीही नाही, तोवर मागचं दार उघडून चिखलाने माखलेले नाना अण्णांच्या पायाशी बसले होते. आणि लगेच सुरू!

"डावीकडनं घे."

"मला शिकवू नका."

"तिकडं सिग्नल हाय!"

"तुम्हाला काय कळतंय?"

अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "अहो, कुठूनही न्या, पण न्या." मला त्या परिस्थितीत हसू फुटलं आणि मग रडूही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. संध्याकाळी अण्णांनी चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी दवाखान्यातल्या बाकावर बसले आणि नुसती बसून राहिले. इतकं बरं वाटलं की उठवेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आले. नाना त्यांच्या पायरीवर बसले होते. मी हात जोडले, तर त्यांनी ते धरून खाली केले.

"आण्णा बरं हायेत ना?"

"एकदम. परवा घरी सोडतील."

"एक विचारू मॅडम?" ते हळू आवाजात म्हणाले. "काल तुमचं आण्णा तसं तळमळत हुतं, आन मला... मला बरं वाटत हुतं. ती गाडीत, मी मागं. वर्षभरानं. व्हॅन गेली तवापास्नं आमी नुसतं भांडतो. दुसरं कायी ऱ्हायलंच न्हाई एकत्र करायला. लोकाच्या गाड्या मागं घेतो मी, पन त्यात काय! माज्या हातून पाप झालं का वो?"

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मग आण्णांना आणायला गाडी तिला चालवायला सांगा की. तुमी सांगा. मी म्हणलं तर ती मुद्दाम न्हाई म्हनंल."

मी दारातूनच हाक मारली, "काकू, परवा अण्णांना आणायचंय. गाडी तुम्ही घ्याल का?"

आत भांडी वाजायची थांबली. नाना माझ्याकडे बघेनात, पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

"घेते," काकू आतून म्हणाल्या. "आणि यांना म्हणावं, दाढी करून ठेवा. तसल्या अवतारात माझ्याबरोबर यायचं नाही."