तात्याजींचे मासे

तात्याजींनी जन्मात मासा खाल्लेला नाही. समुद्रही पाहिलेला नाही. पण पापलेटच्या पोटाखाली परांची जोडी नसते, एवढं सांगायला ते इलाइट चौराह्यावर भर गर्दीत स्कूटर थांबवतात. मागे हॉर्न कोकलत असतात, पोलीस "बाबूजी, आगे बढ़िए" म्हणून ओरडत असतो, आणि तात्याजी मान वळवून मला विचारत असतात, "साळवीजी, मग तो तोल कसा सांभाळत असेल, बोला!"

मी रत्नागिरीकडचा. कंपनीनं झाशीला बदली केली तेव्हा लक्ष्मी गेटजवळ तात्याजींच्या घरी वरची खोली घेतली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या झाशीतच. घरात कांदासुद्धा जपून. मी मासे खाणारा, हे दबकतच सांगितलं. तात्याजी उजळले. "अरे वा! बांगडा ताजा असताना पाठीवर हिरवी झाक असते ना? खरं सांगा!"

मी तो तळलेलाच नीट पाहिला होता.

बाजारात कधीमधी बर्फातून समुद्राचे मासे येतात. तात्याजी नाकाशी कापराचा रुमाल धरून माझ्याबरोबर यायचे. एकदा मी मुशी, म्हणजे छोटा शार्क, घ्यायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "ही आपल्या हाडाच्या माशांत नाही. हिच्या अंगात हाड नाही, नुसती मऊ कूर्चा. परांत पंख्यासारख्या काड्या असल्या, तोच आपला. काडी है कि नहीं, पहिले हे बघायचं!"

"पंडितजी, लेना-देना कुछ नहीं, ऊपर से ग्राहक भगा देते हो!" दुकानदार वैतागला. पण पुढच्या खेपेला त्यानंच एक चपटा लेपा बाजूला काढून ठेवला होता. "ये देखिए, आपके लिए."

त्या लेप्यावर तात्याजी गणपतीत बोलले. मंडळानं त्यांना घराण्याच्या जुन्या आठवणी सांगायला उभं केलं होतं. यांनी सुरुवातच केली, "लेपा जन्मतो तेव्हा आपल्यासारखाच. दोन बाजूंना दोन डोळे, सरळ पोहणारा. मग एक डोळा सरकत सरकत पलीकडे जातो, नि हा बेटा वाळूत आडवा पडून दोन्ही डोळ्यांनी वर बघत राहतो." चिटणीस घड्याळ दाखवत होते. पोरं मात्र पुढे सरकून बसली. एरवी मराठी कार्यक्रमाला यायला कुरकुरणारी ती पोरं, "दादाजी, फिर?" म्हणून मागे लागली. मीही त्यांच्यातच होतो. समुद्राकाठी वाढूनही मला समुद्र खरा दिसला तो झाशीत.

तात्याजींची मुलगी मुग्धा कोचीला असते. तिची आई ती लहान असतानाच गेली. मुग्धा माशांचं शास्त्र शिकली, समुद्रावरच नोकरी करते, असं तात्याजी अभिमानानं सांगत. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई आणि तासभर मासे चालत.

या दिवाळीत ती आली. गच्चीवर कपडे वाळत घालताना मी तिच्या बाबांचं कौतुक करत होतो. ती एकदम म्हणाली, "काका, मी ते काम छोड़ दिया. दोन वर्षं झाली. बँकेत आहे. बाबांना सांगू नका, प्लीज."

"मग रविवारचं बोलणं?"

"शनिवारी बसून वाचते. बाबा इतकं सगळं वाचून ठेवतात, त्यांना कसं सांगणार?" ती हसायला गेली, पण ते जमलं नाही.

तिला गाडीत बसवून आम्ही परत निघालो. स्टेशनबाहेर चहा घेताना मी ग्लास हातात नुसताच फिरवत होतो. तात्याजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मुग्धा बोलली वाटतं, बँकेचं?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"मला ठाऊक आहे हो. समुद्रघोडा असतो ना, समुद्रातल्या गवताला शेपटी गुंडाळून राहणारा? त्याची पिल्लं बाप वाढवतो, पोटावरच्या पिशवीत. हे तिनंच मला शिकवलेलं, कॉलेजात असताना. मागे एकदा फोनवर म्हणाली, आई वाढवते. तेव्हाच समजलो, हिचं मन आता माशांत नाही. मग गुपचूप चौकशी केली, तेव्हा बँकेचं कळलं."

"मग चूक काढली नाहीत?"

"काढली असती तर तिला सगळं कबूल करावं लागलं असतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आणि मग रविवारी काय बोलायचं? जेवलीस का? जेवले. खतम. ती हे शिकायला लागली, म्हणून मी वाचायला लागलो. मला माशांतलं काय कळत होतं?"

पुढच्या रविवारी फोन वाजला. मी जिन्यात होतो. तात्याजी "निवटी?" म्हणाले, म्हणजे पलीकडून मुग्धा निवटीबद्दल काहीतरी सांगत असावी. खाडीच्या चिखलात परांवर चालणारा हा मासा तात्याजींनी मला कितीदा तरी, हाताची कोपरं टेकून, चालून दाखवला होता.

ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "अच्छा? पाण्याबाहेर चालतो? हे तर बेटा मला माहीतच नव्हतं."