दिघेकाकांच्या स्वस्त गोळ्या

आमच्या शेजारच्या दिघेकाकांकडे रायफल नाही, परवाना नाही, साधी छऱ्याची बंदूकसुद्धा नाही. पण रायफलच्या गोळ्या घरी भरल्या तर किती वाचतील, हे ते लिफ्टमध्ये भेटलेल्या परक्या माणसालाही सांगतात.

"पितळी पुंगळी उडून जात नाही, मागे उरते. तीच परत भरायची! नवं काय, तर बारूद, टोपी आणि पुढचं शिसं. दहा दिरहमची गोळी पाचला पडते. म्हणजे सव्वादोनशे रुपयांची एकशे बाराला!"

"काका, इथे आखातात घरी गोळ्या भरल्यात तर पोलीस उचलून नेतील."

"ते सोड रे हबीबी, हिशेब बघ!"

काका क्वांटिटी सर्व्हेयर. दुसऱ्यांच्या इमारतींच्या विटा मोजण्यात जन्म गेला. मोहम्मद बिन झायद सिटीतली आमची अख्खी बिल्डिंग त्यांना टाळते. मीही टाळलं असतं, पण काकूंचा चहा फार चांगला.

या वेडाचं मूळ मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी मृण्मयी शाळेत असल्यापासून क्लबात नेमबाजी शिकायची. हात इतका स्थिर, की कोच इतर मुलांना बोलावून दाखवायचे. पुढे क्लबाची मोठी रायफल हाती आली आणि तिच्या महागड्या गोळ्या आल्या. काका मागे उभे राहून पुटपुटायचे. पहिला बार, "गेले सव्वादोनशे." दुसरा बार, "साडेचारशे." ही खोड आम्हा सगळ्यांनाच आहे, इथे आम्ही कॉफीसुद्धा रुपयांत पितो. एका शनिवारी तिने रायफल खाली ठेवली.

"खलास, बाबा. आय कान्ट शूट विथ यू कन्व्हर्टिंग."

पुन्हा तिने हात लावला नाही. आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल रीमला एकटी राहते. सणाला येते, जेवते, जाते. काकांचं पुंगळ्यांचं गणित सुरू झालं ते तेव्हापासून.

परवा मला राहवलं नाही. नेटवर वाचून तयारीनिशीच गेलो होतो.

"काका, घरी भरून दमडीसुद्धा वाचत नाही. गोळी स्वस्त पडली की लोक दुप्पट झाडतात. खर्च तेवढाच!"

वाटलं, आता भांडतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"दुप्पट?"

"हो," मी म्हणालो, आणि त्यांचा चेहरा बघून उगाच बोललो असं झालं.

"म्हणजे ती अजून खेळत असती," काका म्हणाले. "आणि मी मागे गप्प उभा राहिलो असतो रे."