आई टेम्पमध्ये होती

रविवारी सकाळी संगणकाने ‘जागा शिल्लक नाही’ असं कळवलं आणि मी तो साफ करायचं ठरवलं. एवढंच झालं होतं.

संगणक मुलीचा. नोकरीसाठी परगावी जाताना ती तो आम्हा दोघांच्या गळ्यात घालून गेली. सध्या त्यावर बायकोचं राज्य होतं. माझी आई नातीला गोष्टी सांगायची, त्याच्या अकरा कॅसेट माळ्यावर सापडल्या होत्या. टेप घरघरायला लागण्याआधी तो आवाज संगणकात भरून ठेवायचं काम बायको दोन महिने करत होती. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी आत शिरलो. पहिलाच फोल्डर ‘बिन’. म्हणजे कचऱ्याचा डबा, यात काय शंका? दुसरा ‘इटीसी’, म्हणजे इत्यादी. (तीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये काढलेल्या माणसाला ‘इत्यादी’मध्ये काय असतं ते सांगावं लागत नाही.) दोन्ही उडवणार, तेवढ्यात बायको म्हणाली, “आधी लेकीला विचारा.”

“बाबा, हात काढा कीबोर्डवरून!” मुलगी फोनवर ओरडली. “काळी खिडकी उघडा आणि मॅन हायर टाइप करा.”

“भाड्याचा माणूस कशाला लावायचा? मी करतोय ना!”

“माणूस नाही हो, मॅन!”

“तेच म्हणतोय मी.”

“मॅन म्हणजे मॅन्युअल! पुढे जागा सोडून एच, आय, ई, आर. कुठल्या फोल्डरचं काय काम, ते सगळं लिहून येतं.”

आणि खरंच आलं. ‘बिन’मध्ये संगणकाच्या रोजच्या आज्ञा होत्या, ‘इटीसी’त त्याची घडी बसवणाऱ्या सगळ्या नोंदी. मी झटकन कीबोर्डवरून हात काढला. पण वाचता वाचता मी रमलो. आमचे जुने हेडक्लार्क आठवले. निवृत्तीआधी महिनाभर खपून त्यांनी प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून कार्ड चिकटवलं होतं. तिरक्या अक्षरात, कशात काय आहे आणि कोणी हात लावू नये. (त्यात माझं नाव दोनदा होतं.) त्यांच्यानंतर इतक्या मायेने कोणी मला काही समजावून सांगितलं नव्हतं.

“होम म्हणजे माणसांच्या वस्तू,” मी मोठ्याने वाचलं. “त्याला हात लावणार नाही. आणि हे टेम्प? तात्पुरत्या फायली, न विचारता काढल्या तरी चालतात.”

“ते रिकामं करा खुशाल,” असं म्हणून मुलीने फोन ठेवला.

मी केलं. वेळ लागत गेला, तसा माझा ऊर अभिमानाने भरून येत गेला. “बघ, केवढी जागा झाली!”

“कुठली?”

“टेम्पमधली.”

बायको धावत आली. “अहो, त्यात सासूबाई होत्या.”

“आईला टेम्पमध्ये ठेवलंस?”

“तात्पुरतं! नीट लावून मग हलवणार होते. मशीन बंद केलं की टेम्प आपोआप रिकामं होतं, म्हणून तर दोन महिने ते बंद करू देत नव्हते तुम्हाला!”

मी उठलो, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. “कॅसेट आहेत ना? यावेळी मी बसतो.”

पहिली कॅसेट लावली. आईचा श्वास ऐकू आला, बांगड्या वाजल्या. बायकोने माझा हात धरला. आई म्हणाली, “एक होता राजा...” आणि लगेच एक तरुण, आगाऊ आवाज घुसला, “थांब आई, असं नाही बोलायचं. माईकपासून वीतभर लांब. आता हे लाल बटण बघ...”

तो मी होतो. मी माईकबद्दल बोललो, बटणांबद्दल बोललो, कॅसेटची निगा कशी राखावी तेही सांगितलं. वीस मिनिटं झाली. अखेर आईने हळूच विचारलं, “झालं का रे तुझं?” आणि कॅसेटची बाजू संपली.

मी अपराधी चेहऱ्याने बायकोकडे पाहिलं. “तू तर दोन महिन्यांपूर्वीच हे ऐकलं असशील. बोलली नाहीस?”

“ऐकलं होतं,” कॅसेट उलटी करत ती म्हणाली, “संगणकात घेतलं नव्हतं.”