बारा मिनिटांचा शुभसंगम

ज्या निर्णयाला वेळ लागत नाही त्यावर लोकांचा विश्वास बसत नाही, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक असलेलं सत्य आहे. संगणकवाल्यांना मात्र ते अजून कळायचं आहे.

आमच्या रनाळ्याच्या वधू-वर मंडळाकडे १९९४ सालापासून ‘शुभसंगम’ नावाचा प्रोग्रॅम आहे. तो डॉसवर चालतो, म्हणजे काळा पडदा, हिरवी अक्षरं, माउस वर्ज्य. लेखक अस्मादिक. पात्रता : पाटबंधारे खात्यात लिपिक, अधिक धुळ्याला केलेला सहा आठवड्यांचा संगणक अभ्यासक्रम (दोन आठवडे वीज नव्हती).

कार्यपद्धती अशी. दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसतात. मुला-मुलीचं नाव, गाव, कुळ, मामकुळ, जन्मवेळ अशी एकोणीस प्रकारची माहिती भरली जाते. मग पडद्यावर ‘कृपया थांबा, जुळवणी चालू आहे’ असं उमटतं. ते अकरा मिनिटं राहतं. मागच्या खोलीत आमच्या सौभाग्यवती प्रमिलाबाई चहा ठेवतात. चहा येतो, निकाल येतो. आजवर ४१२ लग्नं झाली, फारकती नऊ. (पत्रिका पाहून जुळवणाऱ्यांचा आकडा मी विचारलेला नाही. त्यांनी उलट माझा विचारला असता.)

गेल्या चैत्रात जुना संगणक वारला. मंडळाचे चिटणीस योगेंद्र शहाद्याच्या कॉलेजात संगणक शिकवतात. त्यांनी नव्या संगणकात एमुलेटर बसवला. एमुलेटर म्हणजे नव्या यंत्रानं जुन्या यंत्राचं घेतलेलं सोंग. आतला प्रोग्रॅम फसतो आणि आपण १९९४ सालात आहोत असं समजून काम करू लागतो. (आमच्या मंडळाचे तीन विश्वस्त एमुलेटरशिवाय हेच करतात.)

पहिला मान गावच्या रतिलालभाईंच्या मुलीचा, नूतनचा. स्थळ कळसाडीच्या लखनचं. नूतन आणि लखन कॉलेजात चार वर्षं एका बाकाच्या अंतरावर बसले होते, त्यामुळे त्यांचं ठरलेलं होतं. उरली होती रतिलालभाईंची संमती, आणि ती त्यांनी पूर्णपणे ‘शुभसंगम’वर सोपवली होती. योगेंद्रनी माहिती भरून बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल आला : ‘३६ पैकी ३३. उत्तम.’

आत स्टोव्ह नुकता पेटल्याचा आवाज आला.

“व्हई गयं?” रतिलालभाईंनी विचारलं.

“हो काका. नवा प्रोसेसर आहे.”

“मन्ही पोरनं लगीन शे, रेशनकार्ड नही. म्हैस इकत लेवाले बी घंटाभर लागस.” ते उठले. नूतनकडे न बघता म्हणाले, “चाल वं पोरी.” नूतन गेली, पण जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला निवृत्तिवेतन घेण्याची लाज वाटली.

सबब प्रोग्रॅम सावकाश करणं भाग होतं. योगेंद्र म्हणाले, “आधी मूळ फाईल बघतो, वेळ कुठे जातो ते कळेल.” मी म्हटलं, फाईल बघण्यात अर्थ नाही, जुनी भाषा आहे. दुर्दैवानं ती त्यांना येत होती.

ते बराच वेळ वाचत बसले. प्रोग्रॅम एकूण चाळीस ओळींचा. एकोणतीस ओळी माहिती विचारण्याच्या. पुढे एक ते नऊ लाख आकडे मोजायचे; अकरा मिनिटं जायची ती इथे. मग घड्याळातल्या सेकंदांचा शेवटचा आकडा घेऊन त्यात सव्वीस मिळवायचे आणि ‘उत्तम’ छापायचं. त्या ओळीशेजारी माझाच शेरा : ‘तात्पुरते’.

“अप्पा, हे जुळवतं कुठे?”

“दोन गोष्टींची तुलना सातव्या आठवड्यात होती,” मी म्हणालो. “अभ्यासक्रम सहाचा. आणि उद्घाटनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या.”

योगेंद्रनी चष्मा काढून पुसला. त्यांचं लग्न २००९चं, कामिनीशी, गुण एकतीस. त्यांना दोन मुली आहेत.

“कामिनीला सांगायचं नाही,” ते म्हणाले. मग फाईल बंद करून त्यांनी कंट्रोल आणि एफ-अकरा ही बटणं दाबायला सुरुवात केली. ती दाबत गेलं की नवं यंत्र टप्प्याटप्प्यानं म्हातारं होतं. (सरकार आम्हाला याच कामासाठी अठ्ठावन्न वर्षं घेतं.) “किती मिनिटं ठेवू?”

मी ‘अकरा’ म्हणणार, तोच मागच्या खोलीतून प्रमिलाबाईंचा आवाज आला : “बारा ठेव रे योगेंद्र. आते दूध फ्रिजमा ऱ्हास, तापाले येक मिनिट जास्ती लागस.”

तिला केव्हापासून माहीत होतं, हे विचारण्याचं धैर्य मी अजून गोळा करतो आहे.

प्रोग्रॅम दुरुस्त झाल्याचा निरोप गेला आणि पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा बसली. ‘कृपया थांबा.’ तिसऱ्या मिनिटाला केळीच्या रोपांचा विषय निघाला. सहाव्याला दोन्ही बापांचे दात एकाच डॉक्टरनं काढल्याचं उघड झालं आणि दोघांनी मिळून त्याला शिव्या दिल्या. नवव्याला नूतन कशाला तरी हसली, लखन तिच्याकडे बघत राहिला, आणि ते बघताना रतिलालभाईंना मी बघितलं. बाराव्याला चहा आला, निकाल आला : अठ्ठावीस.

रतिलालभाईंनी बशी खाली ठेवली. “आते बरोबर शे. मागे घाईमा पाच गुण जास्ती दिधात.”

लग्न वैशाखात झालं.

एवढं वाचून कुणाला आपल्या गुणांची खात्री करून घ्यायची असेल, तर मूळ प्रोग्रॅमची फ्लॉपी सुस्थितीत आहे आणि मंडळ रविवारी उघडं असतं. फी नाही, चहा आहे. अट एकच : जोडीनं यायचं, फाईल दोघांच्या समोर उघडली जाईल.

ही गोष्ट मी आतापर्यंत बऱ्याच जोडप्यांना सांगितली आहे. अजून एकही आलेलं नाही. तुमचीही वाट पाहत नाही.