भाऊजींना पट्टा लागला

"हात्तिच्या! पट्टाच अडकलाय ना? दोन मिनिटांचं काम!" भाऊजींनी बाह्या सरसावल्या आणि त्यांच्या बायकोनं, ताईनं, कपाळाला हात लावला.

भाऊजींची दोन मिनिटं तिच्या चांगल्या परिचयाची होती. असल्याच दोन मिनिटांत त्यांनी मिक्सर असा दुरुस्त केला होता, की तो बटण बंद केल्यावरच फिरायचा. भिंतीवरचं घड्याळ तर तेव्हापासून उलटं पळत होतं!

पण आज खेळ नव्हता. ताई नर्स होती. घरोघरी जाऊन पेशंट बघण्याची नवी नोकरी तिच्या हाताशी आली होती, पण अट एकच: गाडी चालवण्याचं लायसन्स दाखवा. आणि ताई परीक्षेत दोनदा आपटलेली! दोन्ही वेळा भाऊजी मैदानाच्या कठड्याबाहेर उभे राहून हातवारे करत होते आणि ताई रस्त्याऐवजी त्यांच्याकडे बघत होती. एकदा तर त्यांनी नुसता डास मारला, आणि हिने गाडी डावीकडे वळवली! आज तिसरी खेप. आणि नेमका आजच चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट वीतभर बाहेर यायचा, की खट्ट!

"अहो, जरा हळू ओढून बघा ना."

"हळू? अगं, हा पट्टा आहे, पेशंट नाही!"

भाऊजींनी एक पाय गाडीच्या चौकटीला लावला आणि रस्सीखेचीत ओढावं तसा पट्टा ओढला. खट्ट! पुन्हा ओढला. खट्ट! मग त्यांनी त्याला डोक्याला लावायचं तेल पाजलं. पट्ट्याला सुवास आला, बाकी फरक शून्य.

"आता कळलं," घाम पुसत भाऊजी म्हणाले. "धडधाकट पट्टा नीट पाहिल्याशिवाय आजारी पट्टा कळायचा नाही!"

ते पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. तिथला पट्टा गुणी बाळासारखा बाहेर आला. भाऊजींना चेव चढला. त्यांनी तो पार शेवटच्या टोकापर्यंत ओढला, अंगावरून घेतला, खालच्या खोबणीत ठोकून बसवला आणि म्हणाले, "बघ! याला म्हणतात पट्टा!"

टक्.

पट्टा थोडा आत गेला. भाऊजी हसले. टक्. अजून आत. आता, असे काही पट्टे लहान मुलाची खुर्ची आवळून बांधता यावी म्हणून मुद्दाम केलेले असतात. एकदा पुरते बाहेर ओढले, की ते फक्त आतच जातात, बाहेर येत नाहीत. ही गोष्ट भाऊजींना ठाऊक नव्हती. पट्ट्याला होती!

"सोडा की मग," ताई म्हणाली.

भाऊजींनी लाल बटण दाबलं. हलेना. त्यांच्या नव्या शर्टाचं टोक पट्ट्याबरोबर खोबणीत गेलं होतं आणि बूच मारल्यासारखं बसलं होतं. ताईनं ओढून पाहिलं, भाऊजींनी पोट आत घेऊन पाहिलं. पोट आत गेलं तेवढ्यात पट्टाही आत आला. टक्!

"कात्री आण!"

"कात्री शोधायला वेळ कुठाय? परीक्षक निघून जातील!"

ताई गाडीभोवती एक फेरी मारून आली. सकाळी गाडी धुताना भाऊजींनी एका बाजूची दोन्ही चाकं फूटपाथवर चढवली होती, आणि गाडी पाय मोडलेल्या खाटेसारखी एका अंगावर कलली होती. गाडी कललेली असली, की चालकाकडचा हा पट्टा आपोआप अडकतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं स्टिअरिंग धरलं आणि हळूच गाडी खाली घेतली. मग दोन बोटांनी आपल्या बाजूचा पट्टा अलगद ओढला. सर्रर्र! लोण्यातून सुरी जावी तसा आला!

"तेल मुरायला वेळ लागतो," भाऊजी म्हणाले.

 ताईनं गिअर टाकला.

मैदानावर परीक्षकांनी डावीकडचं दार उघडलं. "उतरा."

"उतरता येत नाही."

"का?"

"बांधलोय."

परीक्षकांनी ताईकडे जरा दबकून पाहिलं, आणि गुपचूप मागे जाऊन बसले. "पण यांच्या तोंडून एक शब्द निघाला, तर बाई, तुम्ही नापास!"

शब्द निघणार कुठून? भाऊजींनी श्वास सोडला, की पट्टा एक घर आत सरकायचा. 'क्लच' म्हणण्याइतकीही हवा छातीत उरली नव्हती! ताई गाडी मागे घेऊ लागली. भाऊजींनी हँडब्रेककडे झेप घेतली. टक्! झेप जागच्या जागी. चढावर गाडी थांबली. त्यांनी डोळे गच्च मिटले. पण गाडी मागे घसरलीच नाही! डोळे उघडले, तेव्हा ताई आरशात बघून, दिवा देऊन, शांतपणे वळण घेत होती. पेशंटची नाडी बघताना असायचा, तसाच चेहरा.

'हिला तर गाडी येते की!' भाऊजींच्या मनात आलं. छाती फुगली. तिलाही जागा नव्हती!

"पास!" परीक्षक म्हणाले. मग पुढे वाकून त्यांनी भाऊजींकडे बोट दाखवलं. "हे असंच राहणार का?"

"नाही हो. घरी जाऊन कात्री लावते."

"घाई करू नका," परीक्षक म्हणाले.

ताईनं केलीही नाही. आनंदाची बातमी सांगायला तिनं गाडी आधी माहेरी नेली. सासूबाई धावत दारात आल्या. भाऊजींनी आतूनच मान लववली आणि हात जेमतेम जुळवले.

सासूबाई अजून सगळ्या नातेवाइकांना सांगतात, "लेकीला लायसन्स काय मिळालं, जावयांना केवढी ती शेखी! माझ्या दारात आले, पण गाडीतून पाय म्हणून खाली टाकला नाही!"