सिलोनचे प्रस्थान

शके १८५४, माघ शुद्ध पंचमी, सकाळी आठ वाजून सत्तावीस मिनिटांनी गुंडोपंत सिलोनला निघाले. आठ वाजून एकोणतीस मिनिटांनी ते माझ्या ओसरीवर पोहोचले आणि चहाची वाट पाहू लागले.

सिलोनचा प्रवास माझ्या ओसरीवर संपण्याचे हे सातवे वर्ष. कारण शास्त्रोक्त आहे. शुभ मुहूर्तावर स्वतःला निघणे जमत नसेल, तर उपरण्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधून ते गाठोडे प्रवासाच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी ठेवावे. यास प्रस्थान म्हणतात. गाठोडे गेले म्हणजे माणूस गेला. उरलेले शरीर त्याने दहा दिवसांत न्यावे. गुंडोपंतांचे घर गल्लीच्या उत्तरेस, माझे दक्षिणेस, आणि सिलोन त्याच रेषेत पुढे.

गुंडोपंत पोस्टात सॉर्टर होते. तीस वर्षे त्यांनी गावोगावची पत्रे योग्य खणांत टाकली आणि स्वतः माढ्यापलीकडे गेले नाहीत. समुद्र त्यांनी टपालाच्या तिकिटावर पाहिला होता. पेन्शन झाल्यावर त्यांनी सिलोन मनावर घेतले. मद्रास मेल सोलापुरास केव्हा येते, धनुष्कोडीस आगबोट कोणत्या धक्क्याला लागते, कोलंबोत शहाळ्याचे पाणी जेवणाआधी घ्यावे की नंतर, हे सर्व एका काळ्या वहीत टिपलेले. ती वही त्यांच्या हातातून सुटत नसे. वळसंगला निघालेल्या माणसाने गाडी विचारली, तरी ते त्याला प्रथम धनुष्कोडीपर्यंत नेऊन आणीत.

यंदा नक्की का, असे कुणी विचारले की उत्तर ठरलेले. "निघालो म्हणजे निघालोच की."

प्रस्थान ठेवले की ते रोज दोनदा गाठोडे पाहायला येत. मुंग्या लागल्या का, मांजराने ओढले का. पाहण्यास अर्धे मिनिट लागे. बसणे तासभर होई. मी निवृत्त गणितशिक्षक. एकटा राहतो, बोलण्याची सवय नाही. ते बोलत, मी वर्तमानपत्र वाचीत असे. दहाव्या दिवशी ते हटकून विचारीत, "मास्तर, समुद्राची हवा गुडघ्याला मानवते का हो?" माझेही उत्तर ठरलेले: माझ्या गुडघ्याला सोलापूरची कोरडी हवा बरी आहे. मग ते गाठोडे उचलून घरी नेत. पुढच्या माघापर्यंत सिलोन जागच्या जागी राही.

यंदा मी चहा देतानाच सांगून टाकले. "गुंडोपंत, हे शेवटचे. दहा दिवसांत गेला नाहीत, तर पुढल्या वर्षी दक्षिणेचे दुसरे घर पाहा. माझी ओसरी म्हणजे धर्मशाळा नव्हे."

त्यांनी कप खाली ठेवला. "बरोबर आहे की," म्हणाले, आणि अर्धा चहा टाकून गेले. असे सात वर्षांत घडले नव्हते. वहीही मागे राहिली.

दुसऱ्याची वही उघडू नये, असे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. दुपारी मी ती उघडली.

अक्षर टपाली, स्वच्छ. "सोलापूर स्टेशन: मास्तरांस खिडकीजवळ बसविणे. मद्रास: जिना टाळणे, मास्तरांचा गुडघा. धनुष्कोडी: मास्तरांस चहा बिनसाखरेचा, आधी सांगणे. आगबोट: मास्तर उपदेश करू लागल्यास समुद्राकडे पाहणे." पहिल्या वर्षाच्या पानापासून सगळे असेच. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, सात वेळा लिहून सहा वेळा खोडलेली: "मास्तरांस विचारणे."

मी काठी घेतली आणि गल्ली ओलांडली. गुंडोपंत उंबऱ्यात बसले होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आगबोट लागते का, असे विचारले.

त्यांनी वर पाहिले नाही. "लागते की," म्हणाले. "मळमळीवर लिंबं धरलीत मी. दोघांना पुरतील."

"मग माझे उपरणे कुठे ठेवू?"

येथे मात्र ते एकदम सॉर्टर झाले. "तुमचं प्रस्थान तुमच्याच घरात चालत नाही, मास्तर. आणि माझंही आता तिथून हलवायला हवं. त्या घराला कुलूप लागणार की." त्यांनी पंचांग काढले, चष्मा दोनदा पुसला आणि चार वाजून एकावन्न मिनिटे हा मुहूर्त दिला.

माझ्या घराच्या दक्षिणेस नरसय्या विणकर राहतो. वेळेवर मी दोन्ही गाठोडी त्याच्याकडे नेली. "कुटं निघाला मास्तर तुमी?" त्याने माग थांबवून विचारले. मी सिलोन म्हणालो. तो हसला नाही. मी विनोद करीत नाही हे गल्लीला ठाऊक आहे.

गाठोडी मी मागाशेजारच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली, आणि उंदीर लागू नयेत म्हणून घरून आणलेली पितळी परात त्यांवर पालथी घातली.