ज्या मॉड्यूलला वाली नव्हता

एका जंगलात, मुलांनो, सिंह म्हातारा होता आणि त्याचा संगणक त्याच्याहून म्हातारा. तो चालवायला त्यात लिनक्स होतं. लिनक्स फुकट मिळतं, म्हणून सिंहाची त्यावर फार श्रद्धा होती.

हा संगणक साळू नावाची साळिंदर सांभाळायची. उन्हाळ्यात पाणवठ्यावर कुणी कधी प्यायला यायचं, त्या पाळ्या ती रोज संगणकाकडून काढून घ्यायची. म्हणजे बिबट्याला आणि हरणांना एकाच वेळी तहान लागत नसे.

पण संगणक इतका मंदावला, की सकाळच्या पाळ्या संध्याकाळी येऊ लागल्या. हरणं अंदाजाने पाण्यावर गेली. बिबट्याही अंदाजाने गेला. बिबट्याचा अंदाज बरोबर निघाला.

बोभाटा झाला. सिंहाने साळूला बोलावलं.

"आज दिवस मावळायच्या आत हे यंत्र पळालं पाहिजे. नाहीतर रात्री तू माझ्या ताटात. काटे आचारी काढेल."

साळूने हात जोडले. "महाराज, नवी मेमरी घेतली तर..."

"नवं काही मागू नकोस. आत जुनं काही पडलं असेल ते काढ."

साळू परत आली आणि आत कोण कोण बसलंय ते तिने संगणकाला विचारलं. त्याचं असं असतं मुलांनो, संगणकात एक कर्नेल असतो. तो तिथला कारभारी. मॉड्यूल म्हणजे त्याच्या हाताखालचे गडी. एक छपाईयंत्राशी बोलतो, दुसरा कॅमेऱ्याशी. काम असेल तेव्हा आत घ्यायचे, झालं की बाहेर काढायचे. आपण म्हणतो, गरज सरो नि वैद्य मरो. दरबारात उलटं असतं. गरज मरते आणि वैद्य बसून जेवतो.

पडदाभर नावं आली. पहिलंच फ्लॉपीचं. फ्लॉपीच्या फटीत आता पालीने अंडी घातली होती. साळू ते मॉड्यूल काढायला लागली, तोच मागून प्रधान कोल्हा खाकरला.

"साळूबाई, ते आमच्या सासरेबुवांनी बसवलेलं आहे."

"पण प्रधानजी, फ्लॉपी आता उरलीच नाही."

"सासरेबुवा तरी कुठे उरलेत? म्हणून काय त्यांची आठवण पुसायची?"

साळूने टाइप केलेलं खोडलं. मग तिने जॉयस्टिकच्या मॉड्यूलला हात घातला, तर झाडावरून धपाधप माकडं उतरली. नुसती दात दाखवून बसली. टेलिफोनच्या मोडेमसाठी तरस आलं. जंगलात टेलिफोनची तार कधी आलीच नव्हती. "पण आली तर?" तरस म्हणालं.

ऊन कललं. प्रत्येक मॉड्यूलला एक वाली होता आणि प्रत्येक वालीला दात होते. साळूला रडूच फुटलं.

डोळे पुसताना तिला एक नाव दिसलं. कीबोर्डचं मॉड्यूल. त्याच्यासाठी भांडायला कुणीच आलं नव्हतं. येणार कोण? कीबोर्डला हात लावणारी अख्ख्या जंगलात ती एकटी. माउस तर माकडांनी केव्हाच पळवला होता.

हे काढलं, की पुढे एक अक्षर टाइप होणार नाही. ते परत आत घ्यायची आज्ञासुद्धा देता येणार नाही. साळू थबकली. तेवढ्यात आचाऱ्याच्या चुलीचा धूर वर चढताना दिसला.

आजच्या पाळ्या निम्म्याच तयार झाल्या होत्या. साळूने ते काम तिथेच थांबवलं, झाल्या तेवढ्या पडद्यावर घेतल्या आणि कीबोर्डचं मॉड्यूल काढून टाकलं.

सिंह आला. मागे सगळा दरबार. एरवी घरघरणारा संगणकाचा पंखा गप्प होता.

"पाळ्या?"

"या काय, हजर, महाराज."

"आणि उद्याच्या?"

"उद्याही याच. सूर्य उगवायच्या आधी समोर असतील."

सिंहाने वाचलं. पहिली पाळी त्याचीच होती. मग बिबट्या, तरस, कोल्हा, माकडं. पुढे काही नव्हतं. सिंहाला काही उणं वाटलं नाही.

"वा! विजेसारखा चालतोय," तो म्हणाला.

"आणि तेही सासरेबुवांना धक्का न लावता!" कोल्ह्याने शेपटीने डोळे टिपले.

साळू वेगमंत्री झाली. तिला प्रधानांच्या पाळीत पाणी मिळू लागलं.

पुढे हरणं आली. जिभा बाहेर, पाय लटपटत. "साळूताई, आमची पाळीच नाही यात. पाडसं तहानेने मरायला टेकलीत."

साळूला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. पण आता ती मंत्री होती.

"तोंडी तक्रार घेता येत नाही, बाई," ती हळूच म्हणाली. "समोर कीबोर्ड आहे. टाइप करून द्या."

तात्पर्य : मुलांनो, कारभार झटपट करायचा असेल, तर बसून खाणाऱ्यांना उगाच उठवू नये. ज्याच्यावाचून काम अडतं, तेवढ्या एकालाच काढावं. मग कामच होत नाही, आणि न होणाऱ्या कामाला उशीर कसा होणार?